फिओर्दालिसाचे केस वाळेपर्यंत

फिओर्दालिसाचे केस मोकळे सुटलेले लोस हिगेरोस गावात कुणीच पाहिले नव्हते. निकानोरने पाहिले होते, पण तो असल्या गोष्टी चार लोकांत बोलणारा माणूस नव्हे. बाकी गावाला तिचं डोकं दोनच रूपांत ठाऊक. एक तर सगळे केस मोठाल्या रोलरांवर ताणून गुंडाळलेले आणि वरून जाळी. नाहीतर डोक्याभोवती पगडीसारखे चापून फिरवलेले, पिनांनी टाचलेले आणि त्यावर जांभळा रुमाल. अख्ख्या गावाची डोकी सरळ करून देणारी बाई, स्वतःचं सोडून मिरवायला तिला सवड कुठली! "शनिवारी सोडीन," म्हणायची. शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. "मग नाताळात." नाताळात तर खुर्च्या रस्त्यावर मांडाव्या लागायच्या.

रोलर लावून गावभर हिंडायची तिथे कुणाला लाज नाही. बाई रोलरात दिसली की पाववालासुद्धा विचारणार, "काय, आज संध्याकाळी कुठला बेत?" रोलर म्हणजे काहीतरी व्हायचंय, बाई तयारीत आहे. लाज वाटते ती पिंजारलेल्या डोक्याची. आणि डोकं पिंजारायला त्या गावात काही करावं लागत नाही. तिथली हवा पिळली तर पाणी निघेल. बरणीतल्या मिठाला बारा महिने पाणी सुटलेलं, कपाटातल्या चपलांवर बुरशी, आणि दाट, कुरळे, आडदांड केस सकाळी कितीही चापून बसवा, दुपारी मुळापासून उठून उभे.

फिओर्दालिसाचा जन्म या ओलीशी भांडण्यात गेला. लहानपणी आई दर शनिवारी कोळशाच्या शेगडीवर लोखंडी कंगवा तापवायची, हिला दोन गुडघ्यांत आवळून धरायची आणि म्हणायची, "हलू नकोस, कान जाईल." एकदा कान गेलाच. सगळा नाही, पाळीवर डाळीएवढा डाग राहिला. तो सोसला कारण तो पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये पहिला प्रसाद घ्यायचा दिवस होता. पण घरापासून चर्चपर्यंत येईतो बुरबुर पाऊस लागला आणि भाजून सरळ केलेले केस रिबिनीसकट वर उठले. फोटोच्या वेळी सिस्टर गोड आवाजात म्हणाली, "तू मागे जा हं बाळ. तुझ्या डोक्यामुळे मागच्या मुली दिसत नाहीत." त्या फोटोत फिओर्दालिसा शोधायची तर शेवटच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारी एक पांढरी रिबीन शोधावी लागते.

पुढे ती माकोरिस शहरात एका मोठ्या दुकानात केर काढायला लागली. केर काढता काढता डोकी धुवायला, मग रोलर लावायला शिकली. गावी परतली ती जुनं, घुमटाचं ड्रायर मांडीवर घेऊन, मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून. मोटरसायकल चालवत होता निकानोर. तेव्हा तो भाड्याने माणसं न्यायचा. वाटेत पाऊस आला. त्याने गाडी थांबवली, अंगातला रेनकोट काढला आणि ड्रायरवर पांघरला. तिच्यावर नाही, ड्रायरवर.

"हा माणूस कामाचा आहे," तिने तेव्हाच ठरवलं.

त्याच वर्षी दोघं एका छपराखाली राहायला लागली. मुलगी झाली, मुलगा झाला, दोघं मोठी होऊन राजधानीत गेली. निकानोरने मोटरसायकल विकून कोको वाळवण्याच्या आवारात नोकरी धरली. लग्न मात्र राहून गेलं. गावातल्या निम्म्या घरांत ते तसंच राहून गेलं होतं, त्यामुळे कुणी बोट दाखवत नव्हतं. पाद्री आन्सेल्मो तेवढे दरवर्षी पावसाळ्याआधी अशी जोडपी गोळा करून एकाच मिसामध्ये, म्हणजे चर्चच्या एकाच उपासनेत, सगळ्यांची लग्नं लावून टाकायचे. "एका दगडात जितकी पापं पडतील तितकी बरी," म्हणायचे.

फिओर्दालिसाचं नाव त्यात दोनदा पडलं आणि दोनदा बाहेर आलं. पहिल्यांदा वादळाच्या शेपटाने दुकानाचे पत्रे उचकटले आणि नवरीच्या रोलरांवर धो धो पाणी आलं. "अशा डोक्याने मी वेदीपुढे उभी राहणार नाही," ती म्हणाली. दुसऱ्यांदा ड्रायरची तार जळाली. तेव्हाही तेच. निकानोरने दोन्ही वेळा नुसती मान डोलावली. नवा शर्ट घडी घालून ठेवून दिला आणि कोको हलवायला गेला. पण यंदा पाद्रींकडे नाव देऊन आल्यावर ताटावर बसला असताना म्हणाला, "फिओर, ही तिसरी खेप. मी चौथ्यांदा विचारणार नाही. रागावून सांगत नाही. फक्त विचारणार नाही."

फिओर्दालिसाने त्याच रात्री नव्या तारेचं ड्रायर दोनदा लावून पाहिलं.

यंदा तीन जोडपी होती. गाव जिला मानाने दोन्या म्हणायचं ती एर्सिलिया आणि तिचा म्हातारा पोलो, ज्यांच्या नातवंडांचीही लग्नं झाली होती; देयानिरा आणि तिचा मेकॅनिक, ज्यांचं लेकरू अजून दुधावर होतं; आणि फिओर्दालिसा-निकानोर. लग्न शनिवारी पाचला. तिन्ही वधूंची डोकी करणार कोण? तिसरी नवरी.

"आधी देयानिरा, मग तुम्ही, शेवटी मी," तिने सकाळीच जाहीर केलं.

"मी आधी का नाही?" एर्सिलिया फुरंगटली. "वयाने मी मोठी."

"दोन्या, तुमच्या डोक्यावर आता मूठभर केस. देयानिराकडे बघा. ते वाळायला अर्धा दिवस लागेल."

देयानिराचे केस कमरेखाली आणि इतके दाट, की धुताना पाण्याचं पिंप खाली आलं. फिओर्दालिसाने त्यांचे भाग पाडले, एकेक बट ताणून रोलरवर घेतली, पिना खोचल्या, जाळी चढवली, पोरीला घुमटाखाली बसवलं. ड्रायरचा घों घों आवाज सुरू झाला. एर्सिलियाचं डोकं धुऊन होतंय तोच पंखा मंदावला, रेडिओ बंद पडला आणि घुमट गप्प झाला.

"गेली लाइट," तिघी एका सुरात म्हणाल्या.

पहिल्यांदा कुणी मनावर घेतलं नाही. लाइट जायचीच. कॉफी झाली. मग दुसरी कॉफी झाली. इन्व्हर्टर होता, पण त्याच्यावर एक बल्ब आणि एक पंखा चालायचा; ड्रायर लावलं की तो कुत्र्यासारखा केकाटून बंद पडायचा. मग रस्त्यावरून बातमी आली की चौकातला ट्रान्सफॉर्मर फुटलाय आणि माणसं माकोरिसहून येणार आहेत.

"म्हणजे उद्या," एर्सिलिया म्हणाली. तिच्या रोलरांतून मानेवर पाणी ठिबकत होतं.

"मी अशीच काढते रोलर," देयानिरा रडकुंडीला आली. "जे होईल ते होईल."

"हात लावशील तर तोडीन." फिओर्दालिसाने वाकून तिच्या कपाळावरचा रोलर आपल्या वरच्या ओठाला टेकवला. ही तिची परीक्षा. बोटं फसतात, ओठ फसत नाही. गार लागलं म्हणजे आत ओल. "ओले आहेत. आत्ता काढलेस तर चर्चच्या दारात पोहोचेपर्यंत छत्री होईल डोक्याची."

"मग काय करू? उन्हात बसू?"

"उन्हात घाम येईल. घामाने वाट लागेल. कोरडी ऊब पाहिजे, कोरडी."

असं म्हणता म्हणता तिला सुचलं. गावात कोरडी जागा एकच होती, आणि ती तिच्याच नवऱ्याच्या ताब्यात होती. व्हायच्या नवऱ्याच्या.

"उठा," ती म्हणाली. "टॉवेल घ्या. पिशवीत ब्रश, पिना, माझे रोलर टाका. आणि ते पाण्याचं कॅन उचल, देयानिरा."

"जायचंय कुठे?"

"कोको वाळवतात तिथे."

दोन रोलरातल्या नवऱ्या आणि एक रुमालातली अशी वरात भर रस्त्यातून निघाली. पाववाला दारात आलाच. "काय, आज संध्याकाळी कुठला बेत?"

"तुझ्या मयताचा!" एर्सिलिया ओरडली.

कोकोच्या आवारात प्लास्टिकचे लांबलचक बोगदे उभारलेले होते. आत दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांचे माचे आणि त्यांवर पसरलेले तपकिरी दाणे. बाहेर जगभर ओल, पण बोगद्यात ऊन अडकून बसलेलं. आत शिरलं की तोंडावर भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटायचं. निकानोर फावड्याने दाणे परतत होता. लग्न असलं तरी कोको थांबत नाही. परतला नाही तर बुरशी धरतो, आणि बुरशी धरली की अख्खा माल फुकट. त्याने वर पाहिलं.

"लग्नाआधी नवरीने तोंड दाखवू नये म्हणतात."

"इतकी वर्षं दाखवतेय. आता नवीन काय दिसणार तुला?"

"काय पाहिजे?"

"जागा. दोन डोकी वाळवायचीत."

निकानोरने फावडं टेकवलं. दोन्ही बायकांकडे पाहिलं, त्यांच्या मानेवरून उतरणाऱ्या थेंबांकडे पाहिलं, मग माच्याकडे. "ओली डोकी? माझ्या कोकोवर?"

"कोकोवर नाही. शेजारी."

"फिओर, इथे मी रम पिऊन आलेल्या माणसालाही उभं करत नाही, त्याच्या श्वासात ओल असते म्हणून."

"ते तू दारू आवडत नाही म्हणून करतोस."

"तेही आहे." त्याने मूठभर दाणे उचलले, कानाशी नेले आणि दाबले. ही त्याची परीक्षा. कडकडले तर वाळले. त्यांच्या घरात दोघांचा वैरी एकच होता, आणि त्याला ओळखायच्या खुणा प्रत्येकाच्या आपापल्या. "हा अजून बोलत नाही," तो दाण्यांबद्दल म्हणाला. "पलीकडच्या टोकाचा माचा सकाळीच रिकामा केलाय. तिथे बसा. थेंब पडला तर ज्याचा त्याने पुसायचा. आणि दोन्या, बोलायचं कमी. तोंडातून वाफ निघते."

"ऐक गं," एर्सिलिया फिओर्दालिसाला म्हणाली, "अजून वेळ आहे. नको करूस याच्याशी लग्न."

माच्यावर दोघी पाय सोडून बसल्या. आंबवलेल्या कोकोचा आंबूस, नाकात चढणारा वास चहूकडून येत होता.

"मला व्हिनेगरचा वास येणार," देयानिरा म्हणाली. "आमचा मेकॅनिक विचारेल, बाई केलीय की लोणचं."

"त्याला ग्रीसशिवाय कसला वास कळतो का?" एर्सिलियाने टॉवेलने मान पुसली. "आणि बरंच आहे की. माझी आई शेवटच्या पाण्यात व्हिनेगर घालायची. केस चमकायचे. माझा पोलो त्या चमकीलाच भुलला."

"मग इतकी वर्षं लग्न का नाही केलंत?"

"तो म्हणायचा, आज करू, उद्या करू. मग मी म्हणायला लागले. आता डॉक्टर म्हणाला, हृदय नाजूक आहे, तेव्हा दोघंही एकदम आज म्हणायला लागलो."

देयानिरा हसली नाही. तिने म्हातारीच्या हातातला टॉवेल घेतला आणि तिची मान टिपली.

ऊब लागत गेली तसे केस वाळत गेले. फिओर्दालिसा दर थोड्या वेळाने येऊन एकेक रोलर ओठाला लावायची आणि मान हलवायची. अजून नाही. अजून नाही. सूर्य डोक्यावर आला तेव्हा एर्सिलियाचे वाळले. रोलर काढल्याबरोबर ते मऊ, चंदेरी, सरळ खाली पडले. फिओर्दालिसाने ते डोक्याभोवती फिरवून टाचले, वरून रुमाल बांधला. "पाच वाजेपर्यंत सोडायचे नाहीत. आरशात बघायचं नाही. नातवाला दाखवायचं नाही."

"आणि तुझे?"

"देयानिराचे झाले की."

तिथेच घोटाळा झाला. देयानिराचे केस संपेचनात. वरचे वाळले तर आतले ओले, आतले वाळले तर मानेजवळचे. दुपार कलायला लागली. निकानोर दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने प्लास्टिकमधून वर पाहिलं आणि म्हणाला, "डोंगरावर काळं धरलंय. आत्ताच धुवून घे तुझं."

"हिचं अर्धवट सोडू?"

"तिच्यापाशी दोन्या बसतील. तू धू."

फिओर्दालिसाला ते पटलं, पण हात सुटेना. पोर विशीतली, पहिल्यांदा वेदीपुढे उभी राहणार, आणि मानेजवळचे चार रोलर अजून गार. "एवढे चार," ती म्हणाली. "मग धुते."

ते चार वाळून, सगळे केस सोडून, ब्रशने ओढून, टाचून होईपर्यंत ऊन गेलं होतं. आवारातल्या नळाखाली वाकून तिने डोकं धुतलं. एर्सिलियाने आपल्या कापऱ्या हातांनी भाग पाडले, देयानिराने रोलर लावले, वाकडेतिकडे, पण घट्ट. आणि शेवटची पिन खोचतानाच प्लास्टिकवर टपटप वाजायला लागलं. बघता बघता बोगदा निवला. माच्याखालून ओल चढायला लागली. निकानोर धावत दोन्ही टोकांचे पडदे बंद करत होता, कोको वाचवत होता. त्याला कुणी हाक मारली नाही.

काम झाल्यावर तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. रोलरांतून पाणी ओघळत होतं. त्याने विचारायचं काहीच नव्हतं, दिसतच होतं.

"मी अंघोळीला जातो," तो म्हणाला. "पाचला चर्चमध्ये असेन."

"निकानोर..."

"मी काही म्हटलं नाही, फिओर."

"तेच म्हणतेय. काहीतरी म्हण."

त्याने टोपी झटकली. "शर्ट तोच घालतोय. घडी दोनदा मोडून परत घातलीय. आता मोडली की मोडली." आणि तो पावसातून निघून गेला.

तिघी बायका भिजलेल्या पिशव्या डोक्यावर धरून दुकानात परतल्या. लाइट आली नव्हती. राजधानीहून लेक ओदालिस आली होती, मेणबत्त्या लावून आईचा झगा इस्त्रीविना हाताने चापत बसली होती. आईचं डोकं बघून तिने कपाळाला हात लावला.

"मम्मी, काढून टाक. मोकळे सोड, फूल खोच एक. शहरात आता सगळ्या असेच ठेवतात."

"शहरात ठेवू देत."

"काय बिघडलं? कुरळे तर कुरळे."

"ओदालिस, तुला ते शोभतात. तू ते धुऊन, क्रीम लावून, स्वतः हौसेने सोडतेस. माझे हे ओले, अर्धे ताणलेले, अर्धे आखडलेले. हे कुरळे नाहीत. हे बिनसलेलं काम आहे." ती आरशासमोर बसली. मेणबत्तीच्या उजेडात रोलर रांगेने चमकत होते. शेवटच्या रांगेतली ती पांढरी रिबीन तिच्या डोळ्यांपुढून जाईना. पिंजारलेलं डोकं घेऊन त्याच चर्चमध्ये, सगळ्या गावापुढे, आणि या वेळी मागे जायला रांगही नाही. दुसरी वाट सरळ होती. पाद्रींना निरोप धाडायचा: पुढच्या वर्षी. पाद्री समजून घेतील. गाव समजून घेईल. निकानोरही समजून घेईल, शर्टाची घडी घालेल आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

"मी पाद्रींना सांगून येऊ का?" एर्सिलियाने हळूच विचारलं. तिने एव्हाना रुमाल सोडला होता; चंदेरी केस खांद्यावर सुरेख बसले होते. "म्हणजे, तुझं ठरलं असेल तर."

चर्चची घंटा झाली. हातांनी ओढायची घंटा, तिला लाइट लागत नाही.

फिओर्दालिसा उठली. "बाई रोलरात दिसली की आपण काय म्हणतो, दोन्या?"

"काय म्हणतो? म्हणतो की आज हिचं काहीतरी आहे."

"मग आहेच ना." तिने आईची काळी मांतिया कपाटातून काढली, झटकली आणि रोलरांवरून डोक्यावर ओढली. जाळीदार ओढणीखाली रोलर डोंगराळ रस्त्यासारखे वरखाली दिसत होते. "चला. केस फोटोला लागतात, आशीर्वादाला लागत नाहीत."

"मम्मी!"

"ब्रश पिशवीत घे. आणि पिना."

चर्चमध्ये मेणबत्त्या होत्या, पंखे बंद होते, आणि लोक आपापल्या हातातल्या पुठ्ठ्यांनी वारा घेत होते. तिन्ही नवऱ्या मधल्या वाटेने चालत आल्या. एर्सिलियाकडे पाहून लोक म्हणाले, अरे वा. देयानिराचे कमरेखालचे सरळ केस पाहून मेकॅनिकने तोंड उघडलं ते मिटलंच नाही. मग फिओर्दालिसा. हातातले पुठ्ठे थांबले. मागच्या बाकावरून पाववाल्याचा आवाज आला, "काय, आज संध्याकाळी कुठला बेत?" आणि सगळ्या चर्चमध्ये हशा फुटला.

निकानोर वेदीपाशी उभा होता. शर्टाच्या छातीवर घडीच्या तीन रेघा. तो हसला नाही. बाजूला सरकून त्याने तिला जागा केली.

पाद्री आन्सेल्मोंनी चष्मा खाली ओढला. "बाई, हे काय?"

"पावसाने घात केला, पाद्री. ओले आहेत."

"मग थांबायचं का वाळेपर्यंत?"

"नको," फिओर्दालिसा आणि निकानोर एकदम म्हणाले.

"तिसऱ्यांदा नाव आलंय तुमचं. मीही थांबणार नाही." पाद्रींनी पुस्तक उघडलं.

माइक चालत नव्हता, त्यामुळे पाद्रींना ओरडून लग्नं लावावी लागली. पोलो "हो" म्हणाला आणि खोकला. मेकॅनिक "हो" म्हणाला आणि त्याचं लेकरू रडलं. निकानोर "हो" म्हणाला. फिओर्दालिसा "हो" म्हणाली, जरा मोठ्यानेच, कारण एक रोलर तिच्या कानावर होता आणि स्वतःचा आवाज तिला नीट ऐकू आला नाही.

"नवरीचं चुंबन घ्या," पाद्री म्हणाले.

आणि लाइट आली. पंखे कुरकुरत फिरायला लागले, बाहेर अख्ख्या गावाने नेहमीसारखी "आली!" म्हणून आरोळी ठोकली, आणि वेदीवरचा माइक एकदम जागा झाला. निकानोर तेव्हा तिच्यावर वाकला होता. त्याने मांतिया बाजूला केली, आपला वरचा ओठ तिच्या कपाळावरच्या रोलरला टेकवला आणि क्षणभर थांबला, तिला रोज करताना पाहत आला होता अगदी तसा.

"गार लागतायत," त्याचा आवाज चर्चभर घुमला. "अजून काढू नकोस."

त्यानंतर हसू आवरायला बराच वेळ गेला. पाद्रींनी आशीर्वाद उरकला.

जेवण चर्चच्या अंगणात होतं, पण नवरी दुकानात गेली. पांढऱ्या झग्यात, मांतिया मांडीवर घेऊन ती स्वतःच्या ड्रायरखाली बसली. तेच घुमटाचं, मांडीवर बसून आलेलं. तार नवी होती तेवढीच. वऱ्हाड एकेक करून ताटं घेऊन मागोमाग आलं. कुणी खुर्चीवर, कुणी उंबऱ्यावर. पोलो आरशासमोर बसून भात खात होता. निकानोर कायमच्या बिघडलेल्या दुसऱ्या ड्रायरच्या घुमटाखाली बसला, कारण रिकामी जागा तेवढीच उरली होती, आणि तिला चमच्याने भात भरवत होता, कारण तिला मान हलवायची नव्हती.

"मीठ कमी आहे," ती ड्रायरच्या आवाजावरून ओरडली.

"मीठ आहे! तुला लागत नाही!"

"काय?"

"काही नाही! खा!"

एर्सिलियाने एक रोलर ओठाला लावला. देयानिराने दुसरा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग दोघी मिळून रोलर काढायला लागल्या. काळे, जड केस एकेका वळशाने सुटत खाली आले, खांद्यावर, मग पाठीवर, मग झग्याच्या चेनवर. मध्ये दोन-चार पांढरे. ओदालिस फोटो काढायचं विसरली.

"एवढे?" पाववाला म्हणाला. "एवढे होते?"

"बाहेर चला," फिओर्दालिसा उठत म्हणाली. "पायऱ्यांवर. लवकर. बाहेर ओल आहे."

फोटो चर्चच्या पायऱ्यांवर निघाला. पहिल्या पायरीवर, अगदी पुढे, मधोमध ती. केस टिकले ते तेवढ्यापुरतेच. घरी पोहोचेपर्यंत टोकं वर वळायला लागली होती आणि सकाळी निकानोरला उशी सापडेना. तो भाग निराळा.

आता तो फोटो दुकानात आरशाच्या वर लावलेला आहे. नव्या गिऱ्हाइकाला धुवायला वाकवलं की तिची नजर तिकडेच जाते. दुसरा एक फोटो, वेदीपुढचा, रोलर आणि मांतिया आणि ओठ टेकवून उभा असलेला नवरा, ओदालिसने मोबाइलवर टिपलेला. तो मोठा करून निकानोरने कोकोच्या आवारात, फावड्यांच्या खिळ्याशेजारी टांगला. फिओर्दालिसा तिकडे गेली की म्हणते, "तो खाली काढ, लोक हसतात."

"हसू देत," निकानोर म्हणतो आणि मूठभर दाणे कानाशी नेतो. "वाळले की काढीन."